‘अराजकाचे व्याकरण’ : वाक्य पूर्ण छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या संविधान दिनाच्या लेखात बाबासाहेबांचे ‘अराजकाचे व्याकरण’ पुन्हा एकदा आंदोलकांच्या अंगावर फेकले आहे. लेखकांचा अभ्यास मोठा असेल, त्याबद्दल आदर आहे. पण त्यांनी विचार मधेच तोडला, याचा मला संताप आला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब म्हणाले की कायदेभंग, असहकार, सत्याग्रह आता सोडून द्या, ते ‘अराजकाचे व्याकरण’ आहे. हे खरेच आहे आणि मला ते मान्य आहे. पण तिथेच त्यांनी हेही सांगितले होते की सनदशीर मार्ग उरले नव्हते तेव्हा या मार्गांना बरेच समर्थन होते. सनदशीर मार्ग खुले असताना मात्र नाही. ‘खुले असताना’ ही अट आपल्या लेखात शोधूनही सापडत नाही. ती गाळली की सगळा दोष मोर्चेकऱ्यांच्या माथी बसतो आणि मार्ग बंद करणारा मोकळा सुटतो.

तो बंद कसा होतो, हे मी आमच्या गावात पाहिले आहे. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असेल तेवढे हजर लागतात. त्या दिवशी चावडीत मोजकी माणसे होती. सभा झालीच नाही, चहा झाला. दोन दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई हजेरीचे रजिस्टर घेऊन दारोदार फिरला. माझ्याकडे आल्यावर म्हणाला, “मास्तर, एवढी सही ठोका, पुढची पंधरा घरं राहिलीत.” ठराव काय झाला म्हणून विचारले तर तो नंतर लिहायचा होता. मी सही दिली नाही. बाकी सगळ्यांनी दिली.

त्या कोऱ्या पानावर घरकुलाची यादी चढली. आमच्या वस्तीच्या टोकाला एक विधवा बाई राहते. पत्रे उडालेले, भिंतीला ओल, पावसाळ्यात लेकरांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात झोपते. तिचे नाव यादीतून गेले होते आणि स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांची नावे आत होती. पुढच्या सभेत मी उभा राहिलो. उत्तर मिळाले, “एवढ्या लोकांच्या सह्या आहेत, मग एकट्या मास्तरांच्याच पोटात का दुखतंय?” शंभरावर माणसे बसली होती. त्यांतल्या कितीतरी जणांनी तिचे घर पाहिले होते. एकाने तोंड उघडले नाही. बाहेर आल्यावर माझ्याच भावकीतला एकजण म्हणाला, “तिचं ती बघंल, आपलं नाव आहे ना?” वर तालुक्याला अर्ज केला. इतिवृत्त नियमानुसार आहे, सबब तक्रार निकाली, असे दोन ओळींचे उत्तर आले.

आता ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण काढा. राज्यघटनेचे कलमही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून ती आतून पोखरता येते, हा धोका त्यांनी तेव्हाच सांगितला. ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचा दाखला देऊन त्यांनी सांगितले की सांविधानिक नीती, म्हणजे घटनेचा मान राखून वागण्याची वृत्ती, माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. याच भाषणात त्यांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके, अज्ञानाची गुहा म्हटले आहे. खेड्यातल्या माणसाला हे वाक्य झोंबते. मलाही झोंबायचे. त्या सभेनंतर मी त्यावर वाद घालणे सोडले.

आणि पुण्यातल्या वकिलांपुढे २२ डिसेंबर १९५२ रोजी त्यांनी केलेले भाषण तर आपले लेखक वाचतच नाहीत, असे दिसते. लोकशाही चालायची तर काय काय लागते हे त्यात आहे : समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायदा आणि कारभार सर्वांना सारखा हवा. आणि शेवटी सार्वजनिक विवेक. अन्याय कुणावरही होवो, ज्याला झळ लागलेली नाही तोही अस्वस्थ झाला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत भारतीय लोकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोऱ्या पाद्री स्कॉट यांचे उदाहरण त्यांनी दिले आणि विचारले की आपल्या प्रत्येक खेड्यात दक्षिण आफ्रिका असताना अस्पृश्यांच्या बाजूने अस्पृश्य नसलेला माणूस क्वचितच का उभा राहतो? त्या सभेत गप्प बसलेल्या माझ्या गावकऱ्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. तो वर्तमानपत्राने विचारायचा असतो.

पण आपले तालुक्याचे पान उघडले की काय दिसते? नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती. अर्ध्या पानाचा फोटो, भोवती पन्नास कार्यकर्त्यांचे चेहरे. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देईल, राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हेही वाक्य २५ नोव्हेंबरच्याच भाषणातले. काल ते आपण चौकटीत ठळक छापले आणि त्याच अंकात आतल्या पानावर अशा तीन जाहिराती होत्या. जाहिरातीवर पेपर चालतो, हे मला कळते. मग ज्या दिवशी बाबासाहेबांचे हे वाक्य छापाल, त्या दिवशी तरी त्या घेऊ नका.

माझी मागणी साधी आहे. २५ नोव्हेंबरच्या भाषणातला ‘अराजकाचे व्याकरण’ हा परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत छापा. आणि २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरतील, तेव्हा आपल्या तालुका वार्ताहराला झेंडावंदनाचा फोटो काढून परत फिरू देऊ नका. त्याला चावडीत बसवा, हजर माणसे मोजायला लावा आणि तो आकडा दुसऱ्या दिवशी रजिस्टरातल्या सह्यांशेजारी छापा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा