सांडपाणी बागेला, पण सरसकट नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला आणि गुरुवारी पाणी बंद राहण्याच्या सूचना येऊ लागल्या, की 'घरातले सांडपाणी बागेला घाला' हा सल्ला पुण्यात सगळीकडून मिळतो. सल्ला योग्यच आहे. मात्र कोणते पाणी आणि कोणत्या झाडाला, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. दोन वर्षांपूर्वी मी वॉशिंग मशीनचा पाइप थेट अंगणातल्या आळ्यात सोडला होता. महिना-दीड महिन्यात मातीवर पांढरट पापुद्रा धरला, पाणी जिरेनासे झाले आणि अनंताची नवी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून, पिवळी पडली.

वाड्यांच्या काळी मोरीचे पाणी परसातल्या केळी, कर्दळ आणि अळवाला जात असे आणि ती झाडे त्यावर माजत असत. तेव्हा अंगाला डाळीचे पीठ, केसांना शिकेकाई आणि कपड्यांना रिठा वापरला जाई. आजच्या धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. सोडियम साचला की मातीचे कण सुटे होऊन त्यांच्यामधल्या फटी बुजतात, आणि माती अल्कधर्मी होत गेल्याने तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आम्लधर्मी माती मानवणाऱ्या अनंताला ते सर्वांत आधी बाधते. आता मी फक्त शेवटच्या खळबळीचे पाणी पिंपात घेते; तेही दर खेपेला दोन बादल्या भरते. अनंताला ते अजूनही देत नाही.

स्वयंपाकघरातले तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना उत्तम, पण खरकट्या भांड्यांचे तेलकट पाणी एका दिवसात कुजून वास मारते. कोणतेही सांडपाणी चोवीस तासांहून अधिक साठवू नये, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आपणच आमंत्रण देतो. कोथिंबीर, पालक यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांवर ते कधीही घालू नये. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर आरओ चालवणाऱ्यांनी त्याचे टाकाऊ पाणी फरशीसाठी वापरावे, कारण मूळचे क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

खरा साठा न्हाणीघरात आहे. भारतीय मानकांत शहरी माणसासाठी दिवसाला धरलेल्या १३५ लिटरपैकी ५५ लिटर आंघोळीचे असतात, म्हणजे चौघांच्या घरातून रोज २२० लिटर. बादलीने ते उपसणे ज्येष्ठांना शक्य नाही. सुदैवाने शहरातल्या अनेक जुन्या इमारतींत न्हाणीघराचा आणि संडासाचा पाइप भिंतीवरून वेगवेगळे खाली येतात आणि तळाशी चेंबरमध्येच एकत्र होतात. चेंबरच्या आधी न्हाणीच्या पाइपाला फाटा काढून दोन व्हॉल्व्ह बसवले, आणि ते पाणी विटांचे तुकडे व खडी भरलेल्या चरातून कर्दळ, केळ, नारळ यांच्या मुळाशी सोडले, तर काम भागते. पावसाळ्यात बागेकडचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी पुन्हा गटाराकडे वळवायचे, एवढे मात्र कुणीतरी लक्षात ठेवायला हवे. आमच्या सोसायटीत ते वॉचमनच्या स्मरणशक्तीवर चालते.

महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. जुन्या सोसायट्यांनी न्हाणीच्या पाइपाला असा फाटा काढला, तर त्यांनाही ती मिळावी, आणि अर्जासोबत कोणते पाणी कोणत्या झाडाला चालते याचे एक पानी मराठी पत्रक महापालिकेने जोडून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक सोसायटी सदस्य, पुणे