उधळण्यासाठी विणलेलं

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. बाकी सगळं ठीक, पण त्यातल्या एका ओळीने मला चांगलंच डिवचलंय. "शेवटी उधळूनच द्यायचं, तर तासन्‌तास काड्या विणत कशाला बसतोस?" फोनवर विचारलं असतंस तर हसून वेळ मारून नेली असती. पण तू लिहून विचारलंस, आता भोग.

आधी एक कर. हे वाचता वाचताच आइस्क्रीमच्या पाच काड्या घे, त्या सपाट, गोल टोकांच्या. दोघींची फुली मांड. तिसरी उभी, फुलीच्या मध्यावरून. आता चौथी आडवी घालायची वरच्या बाजूला: उभीच्या वरून, पण फुलीच्या दोन्ही टोकांच्या खालून. पाचवी तशीच खालच्या बाजूला. ही पाचवी घालताना बोटं दुखतील, काड्या कुरकुरतील, तू मला शिव्या घालशील. पण एकदा बसली की गोंद नाही, दोरा नाही, तरी चौकट हातात घट्ट राहते. ती फरशीवर आपट आणि मग पुढे वाच.

उडाल्या ना पाचही? तो जोर बाहेरून आलेला नव्हता, तुझ्याच बोटांनी आत भरलेला होता. वाकवलेली काडी म्हणजे चपटी स्प्रिंगच. दुप्पट वाकवली की तिच्यात चौपट ऊर्जा साठते. जाडीचं गणित त्याहून खट्याळ आहे: जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून कॉफी ढवळायच्या पातळ काड्या लेच्यापेच्या निघतात, आणि फार जाड घेतली तर वाकायच्या आधी कडकन मोडते. माझ्या काड्या साडेअकरा सेंटीमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड आहेत. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात ती पंधरा सेंटीमीटरची काडी जास्त रुंद आणि किंचित पातळ असते. ती मोठ्या झेपेसाठी उत्तम, पण विणायला जागा फार खाते.

आता मूळ वेड. लांब साखळीच्या विणीला 'कोब्रा' म्हणतात. प्रत्येक नवी काडी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाते, एकदा डावीकडे झुकलेली, एकदा उजवीकडे. नवी आली की मागचीचं टोक दाबलं जातं. पण नवीला दाबून धरणारी अजून यायची असते, तोवर माझा अंगठा. म्हणजे कितीही लांब विणलं तरी अख्ख्या साखळीचा लगाम शेवटच्या काडीवर. ती सोडली की ती उसळते, तिच्यामुळे मागची सुटते, मग तिच्या मागची. तडतडाट धावत जातो आणि सुटणाऱ्या काड्यांची कमान जमिनीवरून अशी उचलली जाते, की नागाने फणा काढलाय असंच वाटावं. हा पोरखेळ म्हणून मला चिडवू नकोस. 2017 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये या लाटेवर चक्क शोधनिबंध छापून आलाय.

गेल्या आठवड्यातली फजिती सांगतो. तीनशेच्या आसपास काड्या झाल्या होत्या. पाठ मोडून आली, म्हणून टोकावर एक पुस्तक ठेवलं आणि पाणी प्यायला उठलो. पुस्तक गुळगुळीत कव्हराचं. ग्लास ओठाला लावतोय तोच मागे तडतड सुरू. वळलो तेव्हा लाट पलंगाखाली शिरत होती. पाहिलंसुद्धा नाही रे धड! पलंगाखाली मात्र ती आपोआप थांबली होती. वाकून पाहिलं तर एक काडी मी वरखाली चुकवून घातली होती, तिथेच गाडी अडकली. पन्नासेक काड्या माझ्या चुकीमुळे वाचल्या.

तेव्हापासून दर शंभर काड्यांनंतर मधे एक जड वजन ठेवतो, आणि सोडण्याच्या आधी ती वजनं एकेक करून उचलतो. ती उचलताना श्वाससुद्धा जपून घेतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे बघ. त्या वेळी खोलीत काहीच हलत नसतं, पण अंगठ्याखालची काडी सारखी वर रेटत असते. दोन तासांचं सगळं विणकाम त्या रेट्यात मला जाणवतं. पुढचा तडतडाट काही सेकंदांचा, आणि तो छानच असतो, पण मी तासन्‌तास बसतो ते त्या रेट्यासाठी. आणि वाया काय जातं सांग? चार-दोन चिरतात, बाकीच्या गोळा करून परत डब्यात.

अर्थात त्या म्हाताऱ्या होतातच. लाकूड फार वेळ वाकवून ठेवलं की ते तसंच राहायला शिकतं, उसळी विसरतं. रात्रभर विणून ठेवलेली साखळी सकाळी मरगळलेली धावते. म्हणून विणलं की त्याच बैठकीत सोडायचं. बाक आलेली काडी पुढच्या वेळी उलटी घालतो, आणखी एक-दोनदा कामाला येते.

पुढच्या वेळी एका साखळीला दोन फाटे फोडायचेत. जोडावर एकाच वेळी तीन टोकं दाबून धरावी लागतात आणि मला अंगठे दोनच. तू येशील तेव्हा तिसरा तुझा. चष्मा विसरू नकोस, काड्या थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात.

तुझा,
मन्या

ता. क. त्या पाच काड्यांपैकी एखादी कपाटामागे गेली असेल. माझ्या तर अकरा आहेत तिथे.