हेल्मेट आणि मुका मार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन फुटबॉलच्या नव्या हेल्मेटवरचा लेख वाचला. हेल्मेटवर चढवायची ती जाड मऊ टोपी, तिचा मोठा फोटो, आणि आता हा खेळ सुरक्षित झाला असा एकूण सूर. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण तो सूर मला पटला नाही. मी मूळची सांगलीची, गेली २७ वर्षं पिट्सबर्गजवळ राहते. माझा मुलगा शाळेत असताना हा खेळ खेळला आहे.

पहिल्या वर्षी ऑगस्टच्या उन्हात आम्ही हेल्मेटचं माप द्यायला गेलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. साहित्य सांभाळणाऱ्या माणसाने हेल्मेट डोक्यावर बसवलं, छोट्या पंपाने आतल्या गाद्यांमध्ये हवा भरली आणि तोंडावरची जाळी धरून गदागदा हलवली. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, कड भुवयांच्या दोन बोटं वर हवी, तरच माप बरोबर, असं त्याने समजावलं. मला केवढा धीर आला! घरी येऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि मागे चिकटवलेल्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. या हेल्मेटने समोरच्याला ढुशी मारू नका. मेंदूला किंवा मानेला गंभीर इजा, लकवा, मृत्यूही ओढवू शकतो. कोणतंही हेल्मेट अशा सगळ्या इजा टाळू शकत नाही. बनवणारेच हे लिहून देत होते. मी वाचलं आणि विसरले.

हेल्मेटचा इतिहास लेखात दोन ओळींत उरकला आहे, पण खरी गोष्ट त्यातच आहे. १८९३ साली अमेरिकी नौदल अकादमीच्या जोसेफ रीव्हज या खेळाडूला डॉक्टरांनी बजावलं की, डोक्यावर आणखी एक लाथ बसली तर वेड तरी लागेल नाहीतर जीव जाईल. त्याने खेळ सोडला नाही. अॅनापोलिसच्या एका चांभाराकडून मोलस्किन या जाड कापडाची टोपी शिवून घेतली आणि लष्कराच्या संघाविरुद्ध मैदानात उतरला. (हेच रीव्हज पुढे अॅडमिरल झाले.) मग चामड्याची हेल्मेटं आली. १९३९च्या सुमाराला शिकागोच्या रिडेल कंपनीने प्लास्टिकचं हेल्मेट आणलं. सुरुवातीचं प्लास्टिक तडकायचं, म्हणून एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या संघटनेने, १९४८ साली त्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी उठवली. त्याच १९४८ साली लॉस एंजेलिस रॅम्स (रॅम म्हणजे एडका) या संघाच्या फ्रेड गेर्की या चित्रकलेच्या जाणकार खेळाडूने आपल्या संघाच्या हेल्मेटांवर एडक्याची शिंगं रंगवली. व्यावसायिक फुटबॉलमधलं हेल्मेटवरचं ते पहिलं चिन्ह. मला ते चित्र फार बोलकं वाटतं, कारण पुढे झालं ते तसंच. कवच टणक झालं, तोंडावर जाळी आली, आणि खेळाडू डोकं पुढे करून एडक्यासारखे भिडू लागले.

१९६८च्या एका हंगामात तीसहून जास्त खेळाडू खेळताना झालेल्या इजांनी गेले. त्यानंतर हेल्मेटची कसोटी ठरवणारी समिती बसली, मानकं आली. पण माझ्या मते मोठा फरक पडला तो १९७६च्या नियमाने. डोकं पुढे करून धडक द्यायला शाळा-कॉलेजांच्या खेळात बंदी आली. त्या वर्षी मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू ३४ होते, १९८४ साली ५. हेल्मेट मान झाकतच नाही, तेव्हा हे श्रेय त्याला देता येणार नाही. नोंदी ठेवायला लागल्यापासून १९९० हे असं पहिलं वर्ष ठरलं, ज्यात मैदानावरच्या इजेने एकही खेळाडू दगावला नाही.

आता माझ्या घरातलं. २००९चा ऑक्टोबर, शुक्रवारची रात्र. माझा मुलगा एका धडकेनंतर पडला, लगेच उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. प्रशिक्षकांनी त्याला बोलावून पाणी दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा आत पाठवलं. घरी येताना गाडीत त्याने मला तीनदा विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" हेल्मेटला समोरच्याच्या रंगाचा एक ओरखडा, बाकी काही नाही. सीटी स्कॅन स्वच्छ. त्यानंतर सहा आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. पुस्तकाचं एक पान वाचलं की ओकारी यायची.

आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे: मुका मार. रक्त नाही, खोक नाही, म्हणून कुणी विचारत नाही. हेल्मेटने कवटी फुटायची थांबवली, हे फार मोठं काम आहे. पण मेंदू आत पाण्यात तरंगतो. तांब्याला बाहेरून कितीही गोधड्या गुंडाळा, हिसडा बसला की आतलं पाणी डचमळतंच.

आमच्या पिट्सबर्गला हे फार जवळून कळलं. इथल्या स्टीलर्स या एनएफएल संघाचा लाडका खेळाडू माइक वेबस्टर २००२ साली पन्नाशीत गेला. बेनेट ओमालू या इथल्या तरुण डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. वरून तो नेहमीसारखा दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षांच्या माराच्या खुणा निघाल्या. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणारा हा मेंदूचा आजार, सीटीई. पुढे २०१७ साली बोस्टन विद्यापीठाने एनएफएलच्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हा ११० मध्ये तोच आजार होता. हे मेंदू बहुतेक त्रास झालेल्यांच्या घरच्यांनी दिलेले होते, तेव्हा सगळ्याच खेळाडूंना हा हिशेब लागू नाही. तरीही तो आकडा वाचून मी त्या रात्री झोपले नाही.

नव्या टोपीला माझा विरोध नाही. एनएफएलने २०२२ पासून काही जागांवरच्या खेळाडूंना सरावात ती सक्तीची केली आणि २०२४ पासून सामन्यातही घालू दिली. जरूर घालावी. पण टोपी आहे म्हणून कुणी मुलाला आणखी जोरात भिडायला लावू नये.

सांगलीत आमच्या गल्लीत कबड्डी खेळताना डोकं आपटलेल्या पोराच्या तोंडावर पाणी मारायचे आणि "काही नाही झालं, ऊठ" म्हणून परत मैदानात उभं करायचे. माझ्या मुलाच्या बाबतीत अमेरिकेत अगदी तेच झालं. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली कायदा केला, आमच्या पेनसिल्व्हेनियात तसा कायदा २०१२ पासून लागू आहे: कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हिसडा बसल्याचा, संशय जरी आला तरी मूल बाहेर, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत मैदानात नाही. याला पैसा लागत नाही.

म्हणून एक विनंती. तो फोटो पुन्हा छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या. मार लागल्यावर मूल तेच तेच विचारत असेल, गोंधळलेलं असेल, उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल, तर त्या दिवशी त्याला खेळवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल, काहीही असो. माझ्या हाती ती चौकट त्या शुक्रवारी असती, तर मी कुंपण ओलांडून त्याला बाहेर आणलं असतं.

आपली नियमित वाचक,
पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया (मूळची सांगलीची)