बोडी बुजवू नका

प्रिन्स एडवर्ड आयलंड, कॅनडा
नोव्हेंबर, गावाकडे मंडईच्या जत्रेचे दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

पत्र आलं म्हणून घाबरू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरी सुरू आहे, खोली गरम असते, डाळ-तांदूळ मिळतात आणि जवसाची चटणी अजून उरली आहे. हे सगळं फोनवर सांगतेच. पण मागच्या रविवारी इथले ओढे सांभाळणाऱ्या त्या क्लबचा विषय निघाला आणि बाबा, तुम्ही काही न बोलता फोन आईच्या हातात दिलात. म्हणून आता लिहूनच सांगते. तुम्हीच वाचा, आणि आजीला हवं तर दोनदा वाचून दाखवा.

मोठे बाबा म्हणाले म्हणे, कर्ज काढून पोरगी परदेशी पाठवली आणि ती सुटीच्या दिवशी परक्यांच्या ओढ्यात फुकट राबते. त्यांना सांगा, वृद्धाश्रमातली एकही पाळी मी या कामासाठी सोडलेली नाही. क्लबचं काम शनिवारी सकाळी असतं आणि शनिवारी माझी पाळी दुपारची असते. खर्च एका पैशाचा नाही. छातीपर्यंत येणारी रबरी पँट आणि हातमोजे तेच देतात, न्यायला-आणायला माझ्यासोबत काम करणारी एक बाई तिची गाडी घेऊन येते. फुकट म्हणाल तर सगळेच फुकट राबतात. निवृत्त मास्तर आहेत, लॉबस्टर पकडणारे कोळी आहेत, बटाट्याचे शेतकरी आहेत. अख्ख्या बेटाची वस्ती दोन लाखांच्या आत, आणि आमचा भाग तर अगदी खेड्यांचा. इथे चार घरं ओळखीची नसली तर हिवाळ्यात माणूस अडकून पडतो. 24 सप्टेंबर 2022 ला फियोना नावाचं वादळ आलं होतं, तेव्हा काही भागांत दोन-तीन आठवडे वीज नव्हती. मी तेव्हा इथे नव्हते, पण करवती घेऊन एकमेकांचे रस्ते मोकळे करायला गावचेच लोक निघाले होते, हे आजही प्रत्येक जण सांगतो. मला इथे एकटीनं राहायचं आहे, बाबा. माझ्या अडचणीला धावून येतील अशी माणसं मला याच ओढ्यात भेटली.

आई, तुझ्या काळजीचं उत्तर. पाणी बहुतेक जागी गुडघाभर असतं, आणि एकटीनं कुणाला उतरू देत नाहीत. या बेटावर अस्वल नाही, बिबट नाही, विषारी साप तर एकही जात नाही. कोल्हे आहेत, कोयोट नावाचं लांडग्यासारखं एक जनावर आहे, पण ते माणसाची चाहूल लागली की दूर जातं. तू मात्र चैतात अंधार असताना मोहफुलं वेचायला एकटी जातेस, आणि नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ आता आपल्या शिवारापर्यंत फिरतो हे पेपरात मी इथे वाचते. काळजी मी करायची की तू? पुढच्या वेळी सोबत कुणीतरी ने, माझी शपथ आहे.

आता काम काय ते सांगते, कारण फोनवर ‘मासे मोजतो’ म्हटलं आणि सगळे हसलात.

इथली माती लाल आहे, वालुकाश्माची, भुसभुशीत. बटाटा काढला की शेत उघडं पडतं आणि जोराचा पाऊस आला की सगळी माती ओढ्यात. पाणी विटकरी होतं. या ओढ्यांतला मुख्य मासा ट्राउट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मादी तळाच्या बारीक गोट्यांत शेपटीनं खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. ती अंडी हिवाळाभर तिथेच राहतात. गोट्यांमधून पाणी खेळतं राहिलं तरच त्यांना श्वास मिळतो. गाळ बसला की सगळी अंडी आतल्या आत मरतात. म्हणून उन्हाळ्यात, अंडी नसतात तेव्हा, ओढ्याच्या वळणावर आतल्या बाजूला फांद्यांचे थर बांधून ठेवतात. गाळ त्यात अडकतो, दोन-तीन वर्षांत त्यावर गवत धरतं, ओढा अरुंद होतो. अरुंद झाला की पाणी जोर धरतं आणि तळ धुऊन निघतो. यंत्र नाही, सिमेंट नाही. आणि सध्या आम्ही काठाकाठानं चालत ते खळगे मोजतो. गोट्यांचा तो तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, नुकताच धुतलेला दिसतो. त्यावर पाय पडू द्यायचा नाही. मला आता लांबून ओळखता येतात, आणि सोबतचे म्हातारे मला पुढे चालायला लावतात, कारण त्यांची नजर कमी झाली आहे. इथे आल्यापासून माझ्या अंगातलं काही कुणाच्या उपयोगी पडतंय असं मला पहिल्यांदा त्या काठावर वाटलं.

दुसरं काम पेट्यांचं. इथे एक बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. ढोली धरायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि तशी झाडं फार थोडी उरली. 1900 च्या सुमारास बेटाचं बहुतेक जंगल शेतीसाठी आणि जहाजांच्या लाकडासाठी साफ झालेलं होतं. पुढे शेतं पडीक पडली, त्यांवर एकाच वयाचे स्प्रूस उगवले आणि वादळात एकदमच आडवे झाले. आता तिथे ओक, मेपल, बर्च अशी मिसळ लावतात. ती मोठी होईपर्यंत लाकडी पेट्या. पानगळ झाली की जुनी घरटी काढून पेट्या साफ करायच्या. मी तेही शिकले.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटणार नाही. मलाही फार दिवस पटली नव्हती, म्हणून नीट सांगते. इथले लोक मासा पकडतात आणि सोडून देतात. लहान म्हणून नाही. चांगला हातभर असला तरीही. हा माणूस पहाटे उठतो, परवान्याचे पैसे भरलेले असतात, महागडी गळाची काठी असते, थंडीत तासन् तास पाण्यात उभा राहतो. मासा लागतो. तो ओढून आणतो. मग आधी स्वतःचे हात पाण्यात ओले करतो, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग धरतो. गळ काढतो. गळालाही मागचा काटा नसतो, पटकन निघावा म्हणून. मग मासा पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी अलगद धरतो आणि त्याला पुन्हा दम येईपर्यंत थांबतो. मासा स्वतःहून निसटला की हा खूश! घरी रिकाम्या हातानं जातो आणि बायको विचारते, कसा झाला दिवस, तर म्हणतो, फार छान. सगळेच मासे सोडतात असं नाही, ट्राउट ठरलेल्या मर्यादेत घरी नेता येतो. पण सॅमन तर सोडावाच लागतो. मी विचारलं, खायचा नाही तर पकडायचा कशाला? आपले मासे धरणारे ढिवर काका ऐकतील तर म्हणतील, या लोकांना पोटाची ददात नाही. ते खरंच आहे. पण शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यासोबत ठरावीक रक्कम वन्यजीव निधीत जाते आणि त्यातूनच ओढ्यांच्या कामाला पैसा मिळतो. क्लबात सगळ्यात जास्त राबणारेही हेच, गळवाले आणि बदकांची शिकार करणारे. ज्याला मासा हवा, तोच ओढा सांभाळतो. एवढं कळल्यावर मी वाद घालणं सोडलं.

आणि हे शेतकऱ्याच्या विरोधातलं काम आहे असंही समजू नका. कायद्यानं इथे ओढ्यालगत 15 मीटरचा पट्टा नांगरता येत नाही. तिथलं पीक बुडतं, ते शेतकऱ्याला लागतंच. आमच्यातले एक बटाटेवाले आजही त्याबद्दल कुरकुरतात. पण त्यांच्याच पट्ट्यात आम्ही झाडं लावली आणि त्यांनी पाणी घालायला ट्रॅक्टर दिला. रानडुकरांपायी तुम्ही मचाणावर रात्री काढता, सकाळी धानाची बांधी तुडवलेली पाहता, तो त्रास इथे कुणाला नाही. तिथे बसून जनावरांवर प्रेम करणं सोपं आहे, असं तुमच्या मनात आलं असेल तर मी चुकीचं म्हणणार नाही.

बाबा, आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

छोटी म्हणाली, बोडी, आपलं ते शेतातलं लहान तळं, बुजवून तो रस्त्यालगतचा तुकडा विकायचं चाललं आहे. घेणाऱ्याला सपाट करून हवा आहे आणि पैसा तिच्या लग्नाला होईल. तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण मी पैसे पाठवायची घाई करीन असं तुम्हाला वाटलं असणार.

बोडी बुजवू नका. मालगुजारांची जमीनदारी 1951 मध्ये गेली, मोठे तलाव सरकारकडे गेले, आपल्या हाती ही एवढी बोडी राहिली. हस्ताचा पाऊस दगा देतो तेव्हा खालच्या चार बांध्यांना शेवटचं पाणी तीच देते. विहिरीला वैशाखापर्यंत पाणी राहतं तेही तिच्यामुळे. डुकरं तिथे लपतात म्हणता, ते खरं आहे, पण ती बोडीमुळे नाही, काठावर माजलेल्या बेशरमीच्या झुडपांमुळे. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी तलावांतली बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासा परत धरला. त्यांना कुठल्या परदेशानं शिकवलं नाही. इथल्या ओढ्यात फांद्या बांधताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच बाया असतात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो आपल्या गोंदियाच्या बाजूला, धानाच्या बांध्या आणि तलाव-बोड्या आहेत म्हणून. गेल्या पावसाळ्यात छोटीनं आपल्या बोडीवरच्या जोडीचा फोटो पाठवला होता. तो मी क्लबात दाखवला. माणसाच्या उंचीचा पक्षी आणि तुमच्या शेतात? असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मला फार अभिमान वाटला, बाबा. आणि त्याच आठवड्यात बुजवण्याची गोष्ट कळली.

पैशाचं असं करू. या महिन्यात 60 हजार पाठवते. त्यातले 25 हजार बँकेच्या हप्त्याचे, बाकी लग्नाचे बाजूला ठेवा. जानेवारीपासून रात्रपाळ्या घेतल्या आहेत, त्यांचा दर जास्त आहे, म्हणजे फाल्गुनापर्यंत मंडप आणि जेवणाचं निभेल. आई, रात्रपाळी म्हणजे जागरण नाही, म्हातारी माणसं झोपलेलीच असतात. धानाचा चुकारा आला की त्याला हात लावू नका, तो खतासाठी राहू द्या. बोडीची बेशरम काढायला मजूर लागतील त्याचे मी वेगळे देईन.

लग्नाला मला येता येणार नाही असं दिसतं. इथे काम करायचं परमिट वाढवण्याचा अर्ज दिला आहे. उत्तर येण्याआधी देशाबाहेर गेले तर परत कामावर रुजू होणं अडतं, आणि मग हप्ता कोण भरणार? छोटीला मी अजून स्पष्ट सांगितलेलं नाही. तुम्ही सांगू नका, मीच सांगीन. हळद व्हिडिओवर बघीन, सगळी गाणी म्हणीन, मावशीला म्हणावं मोबाइल उंच धरून उभी राहा. वऱ्हाडात करवली म्हणून काकाच्या पोरीला उभी करा, तिला हौस आहे. माझ्यासाठी घेतलेली साडी तिलाच द्या.

माझ्यासाठी आलेल्या साकोलीच्या स्थळाला थांबवून ठेवू नका. चांगली माणसं आहेत, त्यांना सरळ नाही म्हणा. इथे कुणी आहे का, हे आईला विचारायचं होतं आणि तिनं विचारलं नाही. कुणी नाही, आई. कर्ज फिटेपर्यंत मला कुणाच्या घरी आश्वासन देऊन बसायचं नाही, एवढंच. लोक बोलतील ते तुम्हाला ऐकावं लागेल, मला इथे ऐकू येणार नाही, हे मला कळतं.

मंडईत यंदा कोणतं नाटक आलं? वडश्याची नाटकमंडळी आली असेल तर छोटीनं सगळी गोष्ट लिहून पाठवावी. आजीला गर्दीत नेऊ नका, पण नेलं असेल तर पुढच्या रांगेत बसवलं असेलच.

बाबा, जेसीबीवाल्याला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर किती तो सांगा, तो बुडाला तरी मी भरीन. फोनवर बोलायचं नसेल तर नका बोलू. छोटीच्या हातून ‘थांबवलं’ एवढाच मेसेज टाका.

तुमची
मोठी

ता. क. आजीच्या मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. लग्नाआधी झालं तर तिला नातजावई नीट दिसेल. त्याचे पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, ते डिसेंबरात वेगळे येतील.