सात सत्ते एकोणपन्नास

प्रिय काकू,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला तुमच्या सुनेला सांगितलंय. मध्येच “पुरे गं” म्हणून उठायचं नाही.

ऑगस्टमध्ये यांची नोकरी गेली, तेव्हापासून घरात हीटिंगच्या बटणाला कोणी हात लावत नव्हतं. ऑक्टोबर लागला, इथे इंग्लंडात रेडिंगच्या सकाळी खिडक्यांना आतून घाम धरायला लागला, तरी नाही. गॅस-लाईटचा फिक्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी बांधलेल्या दराचा करार, दोन वर्षांपूर्वी घाईघाईत केलेला, तेव्हाच्या चढ्या दराने. आता स्वस्त फिक्स समोर दिसत होते. पण आमचा संपणार 3 डिसेंबरला, आणि आधी सोडला तर एक्झिट फी: गॅसचे 75 पौंड, विजेचे 75. थांबावं तर रोज महाग दराने मीटर पळतोय, आणि आज दिसणारा दर डिसेंबरात राहील याची हमी कोण देणार?

मी सगळीकडे विचारलं हो. सप्लायरला फोन केला, पाऊण तास गाणी ऐकली, मग एका मुलाने गोड आवाजात सांगितलं, “दीडशे भरा, लगेच सुटाल.” खोटं नव्हता बोलत, अर्धंच बोलला. आपल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर तिघांनी आपापली रेफरल लिंक पाठवली. एकाने सविस्तर एक्सेल पाठवलं, त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं होतं. दीडशे पौंड म्हणजे तेव्हा आमचा दोन आठवड्यांचा किराणा. तरी त्या रात्री मी भरणारच होते.

तुम्ही आलात भाजणी मागायला. लेक गोधडी पांघरून गृहपाठ करत होती. तुम्ही काही बोलला नाहीत, जाता जाता रेडिएटरवर हात ठेवलात आणि परत येऊन खुर्चीत बसलात. “काय झालंय, नीट सांग.” मी सांगितलं. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलंत, 3 डिसेंबरवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, “शेवटच्या 49 दिवसांत बदललं तर त्यांना फी घेता येत नाही. ऑफजेमचा नियम आहे, इथल्या गॅस-विजेच्या नियामकाचा. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे बरोब्बर सात आठवडे. बुधवारपासून मागे मोजलं की बुधवारच येणार.” आणि बोट एकेका बुधवारवरून उलटं सरकत गेलं, पान मागे उलटलं, 15 ऑक्टोबरवर थांबलं. “तोवर कुठे अर्ज करू नकोस. पाच पैसे भरू नकोस.”

पाढा मलाही येतो काकू. पण काळजीत पडलेल्या माणसाला सात सत्ते किती हेही आठवत नाही.

हे एवढंच असतं तर मी चकल्या देऊन मोकळी झाले असते. पण 15 तारखेला सकाळी सातला तुमचा फोन आला. “उठलीस का? आज आहे. आधी मीटरचे फोटो काढ, मग चहा.” मी खरंच विसरले होते, आदल्या दिवशी यांचा इंटरव्ह्यू होता, तेवढंच डोक्यात. जिन्याखालच्या कपाटात गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात मी आकडे वाचत होते आणि तुम्ही फोन न ठेवता पलीकडून “दशांश सोडून दे” म्हणत होतात. तुम्हाला संधिवात, रात्रीची झोप नाही, आणि माझ्या गॅसच्या मीटरसाठी तुम्ही गजर लावलेला.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, सल्ला देऊन आपल्या वाटेला लागतात. आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे विचारायला परत येणारं माणूस मात्र क्वचित. माझ्या आजीची तशी सवय होती. शेजारणीचं बाळंतपण झालं की दहाव्या दिवशीही डोकावायची, पहिल्या दिवशी सगळेच जातात म्हणून. इथे इतक्या लांब येऊन ती सवय पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं.

जुन्या सप्लायरचं शेवटचं बिल मागच्या आठवड्यात आलं. फी नाही. उलट 38 पौंड परत, डायरेक्ट डेबिटमधून जास्तीचे कापलेले. ते बिल दाखवायला मी तुमच्याकडे आले, तुम्ही आत चहा टाकत होतात, आणि मी तुमच्या फ्रिजवरचं कॅलेंडर बघितलं. ऑक्टोबरचं पान अजून उलटायचंच होतं. 14 ला तुमचा हाडांचा डॉक्टर, 17 ला वसुबारस, आणि मध्ये 15 च्या चौकटीत, बारीक अक्षरात: “पोरीचं लाईट. सातला उठवणे.”

पोरगी बेचाळीस वर्षांची आहे काकू.

तुमची,
खालच्या घरातली

ता. क. रेडिएटर चालू आहे. येऊन हात लावून बघा. भाजणीही दळून आणलीय.