शनिवारच्या फॅमिली आउटिंगची आठवण

प्रेज द लॉर्ड मंडळी, या शनिवारी घरच्यांना घेऊन थोडा वेळ तरी बाहेर पडायचंय, लांबच जायला पाहिजे असं काही नाही, जवळची बाग, टेकडी काहीही चालेल. येशूसुद्धा 12 वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर वल्हांडणाच्या (यहुदी लोकांच्या) सणाला यरुशलेमला गेला होता, परत निघताना मागेच राहिला आणि 3 दिवसांनी मंदिरात सापडला, बायबलमध्ये लूक अध्याय 2 मध्ये आहे, मुलांना ही गोष्ट चालता चालताच सांगा. बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात 6:7 मध्ये पण वाटेने चालताना मुलांशी देवाच्या वचनांबद्दल बोला असंच सांगितलंय ना. फक्त मोठं प्रवचन नको प्लीज! मुंगी दाणा ओढत नेताना दिसली तर खाली बसून निवांत बघू द्या त्यांना. निघताना छोटी प्रार्थना करा, मोबाईल खिशातच राहू दे. रविवारी उपासनेनंतर काय काय पाहिलं ते मुलांनीच सांगायचंय.