वाटी दुखते म्हणून लगेच दुर्बीण कशाला?

संपादक महोदय,

'गुडघेदुखीवर दुर्बिणीने उपचार, दुसऱ्या दिवशी घरी' असे फलक ठाणे-नवी मुंबईत रिक्षांच्या पाठीवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर सर्रास दिसतात. त्यात 'गुडघेदुखी' हा शब्द सरसकट वापरलेला असतो. पण तिशी-चाळिशीतल्या माणसाला स्टेशनचा जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना किंवा पनवेलपर्यंत पाय दुमडून बसल्यावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा गुडघ्याच्या वाटीचा असतो. या दुखण्यात शस्त्रक्रियेला जागा आहे, पण ती फार अरुंद आहे. ती कोणती, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकते. सपाट रस्त्यावर चालताना तिच्यावर साधारण अर्ध्या वजनाइतका दाब येतो, जिन्यावर तो वजनाच्या तिप्पट होतो आणि पूर्ण उकिडवे बसताना सात-आठ पट. म्हणजे 70 किलोचा माणूस पादचारी पूल उतरतो, तेव्हा दर पायरीला वाटीवर दोनशे किलोंच्या वर भार येतो. तो पेलणारी वाटीमागची कुर्चा (हाडावरचा गुळगुळीत, लवचीक थर) शरीरातल्या सर्वांत जाड कुर्चांपैकी एक आहे. मात्र कुर्चेत मज्जातंतू नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर, वाटीखालची चरबीची गादी आणि दोन्ही बाजूंचे ताणलेले पडदे. म्हणूनच एमआरआयवर 'ग्रेड 2 काँड्रोमलेशिया' (कुर्चा मऊ आणि खरखरीत होणे) लिहून आले, की घरात जे सुतक पडते त्याला फारसा अर्थ नाही. तशी खरखरीत कुर्चा न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडते, आणि ती दुर्बिणीतून घासून गुळगुळीत केली म्हणून दुखणे थांबेलच असे नाही.

याची थेट चाचणी फिनलंडमध्ये झाली आहे. वाटीच्या जुनाट दुखण्याच्या 56 रुग्णांपैकी काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आठ आठवड्यांचा घरचा व्यायाम दिला, तर काहींना फक्त व्यायाम. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही दुर्बिणीचा वेगळा फायदा दिसला नाही.

यावर 'फिजिओ करून झाला, गुण नाही' हे उत्तर ठरलेले असते. काय केले, असे विचारले तर दहा दिवस मशीनचा शेक. शेक आणि अल्ट्रासाउंड म्हणजे व्यायाम नव्हे. वाटीच्या दुखण्यात नुसत्या मशीनवर विसंबू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे. व्यायाम म्हणजे मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूंना टप्प्याटप्प्याने वाढता भार देणे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, खुर्चीच्या काठापर्यंत अर्धवट बसून उठणे आणि दहा-पंधरा सेंटिमीटर उंच पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे, प्रत्येकी दहाचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. उतरताना गुडघा आत झुकू देऊ नये. आरसा समोर ठेवला की चूक लगेच दिसते. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तरी चालते, पण दुसऱ्या सकाळी ते ओसरलेले हवे. ओसरले नाही तर पायरीची उंची कमी करावी, व्यायाम सोडू नये. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, फरक जाणवायच्या आधीच सोडतात.

तीन ते सहा महिने हे इमानाने करूनही दुखणे हटले नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार. तेव्हाही पहिला प्रश्न असा हवा: मोजता येईल असा दोष कोणता? नेहमीचे समोरून आणि बाजूने काढलेले एक्स-रे वाटी आणि खोबण यांचे नाते नीट दाखवत नाहीत. त्यासाठी गुडघा साधारण 30 ते 45 अंश वाकवून 'स्कायलाइन' एक्स-रे काढावा लागतो. तो स्वस्त असतो, आणि महागडा एमआरआय करून आलेल्या कित्येक फायलींत तोच नसतो! वाटी कलली आहे का, बाहेर सरकली आहे का, हे त्यात दिसते. याशिवाय खोबणीचा मध्य आणि नडगीवरचा उंचवटा यांतले आडवे अंतर सीटी किंवा एमआरआयवर मोजतात. डॉक्टर त्याला टीटी-टीजी म्हणतात. ते 20 मिलीमीटरच्या वर गेले, तर वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते असे समजतात.

वाटी नुसती कललेली असेल आणि बाहेरचा पडदा खरोखर आखडलेला असेल, तर तो सैल करतात. एके काळी ही शस्त्रक्रिया वाटीच्या प्रत्येक दुखण्यावर सरधोपट केली गेली. पडदा सरळ कापताना तिथली रक्तवाहिनी सुटली, तर गुडघा रक्ताने भरतो. जास्त कापला, तर वाटी उलट आतल्या बाजूला सरकू लागते. मग दुखण्यापेक्षा ते निस्तरणे कठीण. म्हणून आता पडदा तोडण्याऐवजी थरांमध्ये उलगडून लांब करणे अधिक पसंत करतात.

ओढ चुकीच्या दिशेने असेल आणि झीज वाटीच्या खालच्या किंवा बाहेरच्या भागात असेल, तर नडगीचा उंचवटा तिरका कापून सुमारे एक सेंटिमीटर आत व पुढे सरकवतात आणि दोन स्क्रूंनी बसवतात. झीज वाटीच्या वरच्या किंवा आतल्या भागात असेल, तर हीच शस्त्रक्रिया भार नेमका तिथेच नेऊन ठेवते आणि गुण येत नाही. म्हणून झीज कुठे आहे, हा प्रश्न ती किती आहे यापेक्षा मोठा. यानंतर सुमारे सहा आठवडे कुबड्या लागतात. हाड जुळण्याआधी पूर्ण भार टाकला किंवा धावले, तर नडगी मोडू शकते. तंबाखू, सिगारेट, मिश्री यांतले निकोटीन हाड जुळणे लांबवते, त्यामुळे ती आधीच बंद हवीत. स्क्रूची डोकी पुढे कातडीखालीच असतात. देवघरात गुडघे टेकले की ती बोचतात आणि पुष्कळांना वर्षभराने काढून घ्यावी लागतात. हे आधी सांगितलेले असले की नंतर कटकट होत नाही.

वाटी निखळण्याचा प्रश्न वेगळा. एकदा निखळली की आतल्या बाजूचा लिगामेंट (वाटीला मांडीच्या हाडाशी बांधून ठेवणारा पट्टा) बहुधा तुटतो. वारंवार निखळत असेल, तर मांडीच्या मागचा स्नायुरज्जू घेऊन तो नवा बनवतात. मांडीच्या हाडावर तो जिथे बसवायचा, तो बिंदू पाच मिलीमीटरनेही चुकला किंवा रज्जू जास्त ताणला गेला, तर वाटीवरचा दाब वाढून नवे दुखणे सुरू होते. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक्स-रे घेऊन बिंदू पाहिला जातो का, हे आधी विचारावे. वाटी निखळतच नाही, नुसती दुखते, त्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया नको.

वयाने मोठ्या रुग्णात फक्त वाटीमागचा सांधा पार झिजला असेल आणि उरलेला गुडघा धड असेल, तर तेवढाच भाग बदलता येतो: खोबणीला धातूचे अस्तर, वाटीला प्लॅस्टिकची टिकली. पुढे उरलेला गुडघा झिजला, तर पूर्ण बदल करावा लागतो. पूर्ण गुडघ्याच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये 54,720 रुपयांची (जीएसटी वेगळा) मर्यादा घातली. ती सांध्यापुरती आहे, रुग्णालयाच्या एकूण बिलावर नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. वाटीच काढून टाकण्याचा जुना मार्ग आता जवळपास सुटला आहे. वाटी गेली की गुडघा सरळ करायची ताकद पुष्कळ घटते आणि जिना कायमचा अवघड होतो.

दुर्बीण वाईट आहे, असे मुळीच नाही. सांध्यात हाडाचा किंवा कुर्चेचा सुटा तुकडा फिरत असेल, गुडघा अडकत असेल, तर तीच योग्य. गुडघा अचानक टम्म फुगला, वाटी निखळली, ताप आला किंवा रात्री झोप मोडेल असे दुखले, तर बारा आठवडे व्यायाम करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना एक विनंती. सोसायट्यांतल्या मोफत गुडघे तपासणी शिबिरांत रुग्णाच्या हाती शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकाआधी लेखी निदान पडावे, आणि आरोग्य केंद्रांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बारा आठवड्यांचा व्यायाम मिळावा. रुग्णांनीही कागद मागायला संकोचू नये. वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून 72 तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार आहे. दुसरे मत घ्यायला जाताना स्कायलाइन एक्स-रे, टीटी-टीजीचा आकडा आणि कोणता व्यायाम किती आठवडे केला याची वही, एवढे बरोबर न्यावे.

– तीन फिजिओथेरपिस्ट, नौपाडा, ठाणे (नावे संपादकांकडे)